मराठी स्ट्रूप उभा करताना: एम.ए. सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलच्या नोंदी

८ जुलै २०२४

या सेमला एक प्रयोग आपला आपण उभा करायचाय. गेल्या वर्षीसारखं म्युलर-लायर या दृष्टिभ्रमाची पट्टी सरकवायची, रीडिंग घ्यायची आणि जर्नल भरायचं असं नाही, डिझाइनपासून डेटापर्यंत सगळं आपलंच. दोघी-दोघींच्या जोड्या पाडल्यात. मी आणि पार्टनरने स्ट्रूप घेतला (रंगाचं नाव दुसऱ्याच रंगात लिहिलेलं, समजा निळ्या शाईतला 'लाल', आणि शब्द सोडून शाईचा रंग सांगायचा; शब्द नकळत वाचला जातो म्हणून वेळ जास्त लागतो, तोच स्ट्रूप इफेक्ट) आणि तो मराठीतून करायचं ठरवलं. डिपार्टमेंटच्या कपाटात स्ट्रूपची कार्डं आहेत पण ती इंग्रजी, आणि आमच्याकडे प्रयोज्य म्हणून (म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग घ्यायचा ती) जी मुलं येतात त्यातली बरीच मराठी मीडियमची. स्ट्रूपमध्ये सगळं शब्द नकळत वाचला जाण्यावर अवलंबून आहे, तेव्हा ज्या लिपीत माणूस लहानपणापासून वाचत आलाय त्याच लिपीत तो घ्यायला हवा असं आम्हाला वाटतं. पुढच्या बॅचमध्ये कुणी देवनागरीत असं काही करणार असेल तर कुठे अडतं, कशात वेळ जातो हे आयतं मिळावं म्हणून या नोंदी.

आज मूळ पेपर वाचला. जॉन रिडली स्ट्रूप, १९३५. स्ट्रूप म्हटलं की सगळे जुळणारे शब्द (लाल शाईतला 'लाल') विरुद्ध न जुळणारे शब्द (निळ्या शाईतला 'लाल') असंच सांगतात, पण मूळ प्रयोगात जुळणारी कंडिशन नाहीच. त्याने न जुळणाऱ्या शब्दांच्या शाईचे रंग सांगायला लागलेला वेळ नुसत्या रंगीत चौकोनांशी ताडून बघितला. १०० चौकोनांना सरासरी ६३.३ सेकंद, १०० शब्दांना ११०.३ सेकंद. आणि उलट बाजूने, म्हणजे रंगीत शाईतला शब्द नुसता वाचायचा असेल तर, काळ्या शाईच्या मानाने फक्त दोन-सव्वादोन सेकंदांचा फरक. म्हणजे शब्द रंगाच्या आड येतो, रंग शब्दाच्या आड जवळजवळ येतच नाही. मूळ पेपर वाचाच, गाइडमधल्या दोन परिच्छेदांवर डिझाइन उभं राहत नाही.

१२ जुलै

सायकोपाय इन्स्टॉल केलं, कॉम्प्युटरवर असे प्रयोग चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स, नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या जोनाथन पीअर्स यांनी सुरू केलेलं. कोडिंग येत नसलं तरी बिल्डर नावाच्या भागात एकेक चौकोन ओढून प्रयोग जुळवता येतो. लॅबच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला, ते पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

ट्रायल (एकदा शब्द दाखवायचा आणि एक उत्तर घ्यायचं, ती एक ट्रायल) एक्सेल फाइलमध्ये लिहायच्या, एका ओळीत एक. कॉलमच्या नावात स्पेस चालत नाही. बिल्डरमध्ये कॉलमचं नाव टाकताना आधी डॉलरचं चिन्ह लागतं आणि शेजारच्या ड्रॉपडाउनमध्ये 'कॉन्स्टंट' बदलून 'सेट एव्हरी रिपीट' करावं लागतं. हे दुसरं राहिलं की प्रोग्राम पहिली ट्रायल दाखवायच्या आधीच बंद पडतो आणि एरर येते की अमुक नाव डिफाइनच झालेलं नाही. नाव तर एक्सेलमध्ये समोर दिसत असतं, त्यामुळे माणूस एक्सेलच्या फाइलमध्येच चूक शोधत बसतो. चूक ड्रॉपडाउनमध्ये असते. या एका गोष्टीत वर्गातल्या जवळपास प्रत्येक जोडीची दुपार गेलीये.

१९ जुलै

आजचा सगळा दिवस वेलांटीत गेला. रंग चार घेतलेत: लाल, निळा, हिरवा, पिवळा. टेक्स्ट कंपोनंटमध्ये 'लाल' झकास दिसला. 'हिरवा' टाकला तर वेलांटी 'ह'च्या आधी यायच्या ऐवजी 'ह' आणि 'र'च्या मध्ये सुटी उभी. 'निळा' तसाच, 'पिवळा' तसाच. म्हणजे चारातले तीन शब्द मोडलेले आणि एक धड. हे नुसतं दिसायला वाईट आहे असं नाही, मोडका शब्द माणूस अडखळत वाचतो, आणि आमचा प्रयोगच मुळी न अडखळता वाचल्या जाण्यावर आहे. तसाच चालवला असता तर इफेक्ट आला नसता आणि आम्ही जर्नलमध्ये 'मराठीत स्ट्रूप इफेक्ट कमी दिसतो' असं काहीतरी लिहून मोकळ्या झालो असतो.

फॉन्ट बदलून पाहिले, काही फरक नाही. कारण फॉन्टमध्ये नाहीये, अक्षरं जुळवून मांडायचं काम आमच्या व्हर्जनमध्ये देवनागरीसाठी होत नाही. शेवटी टेक्स्टचा नादच सोडला. प्रत्येक शब्द प्रत्येक रंगात इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून पारदर्शक बॅकग्राउंडची पीएनजी इमेज काढायची आणि टेक्स्टच्या जागी इमेज कंपोनंट वापरायचा. फॉन्ट मुक्ता, जरा जाड वजनाचा, कारण बारीक रेघेत रंग नीट दिसत नाही.

यात अजून एक खोच. इमेज कंपोनंटची डिफॉल्ट साइज चौकोनी असते, त्यामुळे 'लाल' ताणून रुंद झाला आणि 'पिवळा' दबला. सगळे शब्द एकाच मापाच्या कॅनव्हासवर, मधोमध, एकाच पॉइंट साइजमध्ये ठेवून एक्सपोर्ट केले की प्रश्न संपतो.

२३ जुलै

न्यूट्रल शब्द ठरवले. ज्यांचा रंगाशी संबंध नाही असे, नेहमीच्या वापरातले, लांबीला साधारण आमच्या रंगांच्या शब्दांइतके. पहिल्या यादीत हळद होती, गवत होतं. मॅडमनी वाचताक्षणी दोन्हीवर काट मारली. हळद म्हटलं की पिवळा आलाच ना डोक्यात. क्लाइन यांनी १९६४ मध्ये नेमकं हेच दाखवलंय, रंगाचं नाव नसलं तरी रंगाशी जोडलेला शब्द आड येतो, फक्त रंगाच्या नावापेक्षा कमी. मग पिशवी घेतली, तर ती 'पि'ने सुरू होते, पिवळ्यासारखी, आणि सुरुवातीचं अक्षर सारखं असलं तरी थोडा अडथळा येतो. तीही गेली. शेवटी राहिले दार, खिडकी, किटली. दार हा लालच्या लांबीचा, बाकी दोन्हींत वेलांटी आहे, तेही बरं.

पिवळा पांढऱ्या स्क्रीनवर दिसेना. बॅकग्राउंड मधल्या करड्या रंगाचं केलं आणि चारही रंग त्यावर साधारण सारखे उठून दिसतील असे जुळवले. हे लॅबच्याच मॉनिटरवर बसून करा, लॅपटॉपवर जुळवलेले रंग लॅबच्या जुन्या मॉनिटरवर वेगळेच दिसतात.

२९ जुलै

कुठल्या प्रकारच्या किती ट्रायल, यावर आठवडा गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

चार शब्द गुणिले चार रंग म्हणजे १६ जोड्या. त्यातल्या ४ जुळणाऱ्या, १२ न जुळणाऱ्या. पार्टनरचं म्हणणं, जुळणाऱ्या तीन-तीनदा घेऊन १२-१२ करू, दोन्ही बाजू सारख्या. ऐकायला रास्त वाटतं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "स्क्रीनवर 'लाल' शब्द आला, तर शाई लाल असायची शक्यता किती?" मोजलं तर निम्मी. म्हणजे शब्द वाचणं फायद्याचं झालं, शब्द वाचला की निम्म्या वेळा उत्तर मिळतं. मग माणूस शब्द नकळत वाचतोय की कामाचा आहे म्हणून वाचतोय हे कसं वेगळं काढणार? जुळणाऱ्या ट्रायलचं प्रमाण वाढवलं की स्ट्रूप इफेक्ट वाढतो हे तसंही माहितीतलं आहे.

म्हणून ठरलं की १६ जोड्या आहेत तशाच ठेवायच्या, शब्द आणि शाईचा रंग यांचा काही संबंध राहू द्यायचा नाही. त्यात न्यूट्रलच्या १२ (तीन शब्द, चार रंग). एका ब्लॉकमध्ये २८ ट्रायल, असे ६ ब्लॉक, एकूण १६८. आमची मुख्य तुलना न जुळणाऱ्या विरुद्ध न्यूट्रल, म्हणजे स्ट्रूपच्या मूळ तुलनेच्या जवळची, आणि त्या दोन्ही ७२-७२ येतात. जुळणाऱ्या २४च मिळतात, त्या दुय्यम. एका ट्रायलला फिक्सेशन (शब्दाआधी नजर टिकवायची खूण) आणि मधली गॅप धरून अडीच सेकंद, म्हणजे सात मिनिटांत प्रयोग संपतो. त्याहून लांबवला तर मुलं कंटाळतात आणि शेवटच्या ब्लॉकमध्ये नुसतीच बटणं दाबत बसतात.

५ ऑगस्ट

उत्तर बोलून घ्यायचं की बटणाने? बोलून घेतलं तर इफेक्ट मोठा येतो, पण माइकवरून आवाज नेमका कधी सुरू झाला ते काढावं लागतं आणि 'ल' आणि 'प' यांची सुरुवात माइकला सारखी लागत नाही. आम्ही बटणं घेतली: डी, एफ, जे, के. त्यावर रंगीत गोल स्टिकर चिकटवले, पाकीट ४० रुपयांना.

कुठला रंग कुठल्या बटणावर हे सगळ्यांना एकच ठेवलं तर तर्जनीला मिळालेला रंग नेहमीच फास्ट निघणार. म्हणून चार मांडण्या केल्या, प्रत्येक रंग प्रत्येक बटणावर एकदा येईल अशा. चार मांडण्या म्हणून प्रयोज्य चाराच्या पटीत हवेत, म्हणून २४. प्रत्येक मांडणीला वेगळी एक्सेल फाइल, आणि स्टिकर दर वेळी बदलायचे. पावसाळ्यात दमट हवेने त्यांचा गोंद सुटतो, एकदा तर प्रयोज्याच्या बोटालाच निळा चिकटून आला. आता एकावर एक पारदर्शक टेप लावतोय.

१३ ऑगस्ट

पायलट, म्हणजे खऱ्या डेटाआधीची चाचणी, घेतला, वर्गातल्याच मुलामुलींवर. या नोंदींतलं सगळ्यात महत्त्वाचं मला विचाराल तर हेच.

सूचना अशी लिहिली होती: 'पडद्यावर दिसणाऱ्या शब्दाचा रंग ओळखून योग्य कळ दाबा.' आम्हाला त्यात काहीच खटकलं नव्हतं, कारण आम्हाला प्रयोग माहीत होता. एक जण पूर्ण ब्लॉक शब्द वाचून बटण दाबत होता. लाल लिहिलंय, लाल दाबला. 'शब्दाचा रंग' म्हणजे शब्दाने सांगितलेला रंग असा त्याने अर्थ लावला आणि तोही अर्थ होतोच की. त्याच्या सगळ्या न जुळणाऱ्या ट्रायल चुकीच्या आणि रिॲक्शन टाइम छान फास्ट. नुसती सरासरी काढली असती तर हे कळलंच नसतं, रॉ फाइलमध्ये ओळी खाली सरकवत गेलो तेव्हा दिसलं की चुकाच चुका आहेत आणि त्या सगळ्या एकाच प्रकारच्या.

नवी सूचना: 'शब्द काय लिहिलाय ते महत्त्वाचं नाही. तो ज्या रंगात लिहिलाय त्या रंगाचं बटण दाबा. जमेल तेवढं पटकन, पण चुकू न देता.' खाली उदाहरण म्हणून निळ्या शाईतला 'लाल', आणि बाजूला निळ्या बटणाचं चित्र. शिवाय सूचना प्रत्येकाला कागदावरून, त्याच शब्दांत वाचून दाखवायची असं ठरलं, आपल्या मनाने समजावून सांगायचं नाही. पार्टनर समजावते तेव्हा ती 'पटकन'वर जोर देते, मी 'चुकू नका'वर, आणि समोरचा त्याप्रमाणे खेळतो.

दुसरं, मुलं बटण दाबण्याआधी खाली कीबोर्डकडे बघत होती. त्यामुळे सगळेच रिॲक्शन टाइम फुगलेले. सरावाचा एक ब्लॉक घातला, त्यात शब्द नाहीतच, नुसते रंगीत चौकोन, आणि बोटं बटणांवरून उचलायची नाहीत. एफ आणि जे वर बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागतो, त्यावरून जागा सापडते. सलग दहा बरोबर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. एवढ्याने बराच फरक पडला.

२२ ऑगस्ट

खरा डेटा सुरू. संमतीपत्र मराठीत केलंय, मधेच उठून जायचा हक्क आहे हे त्यात ठळक. रंगांधळेपणासाठी आधी इशिहाराच्या छापील प्लेट दाखवतो, स्क्रीनवरच्या प्लेटवर भरवसा नाही.

मधेच एका मुलीच्या वेळी स्क्रीन काळी झाली. प्रोग्राम चालूच, आवाज येतोय, स्क्रीन बंद. लॅबचे काका धावत आले, "ताई, हे मशीन दहा मिनिटं माउस हलला नाही की झोपतं, मी सांगणारच होतो." संमतीपत्र, प्लेट, सूचना यात दहा मिनिटं सहज जातात. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन स्लीप 'नेव्हर' केलं, अपडेट थांबवले, नेट काढून टाकलं. त्या मुलीचा डेटा घेतला नाही, तिला प्रयोग कळून चुकला होता, तिच्या जागी दुसरी व्यक्ती घ्यावी लागणार.

टाइमिंगबद्दल मित्र विचारतात म्हणून लिहिते. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे चित्र दर १६.७ मिलीसेकंदांनी बदलतं, त्याहून बारीक काही दाखवता येत नाही. साधा यूएसबी कीबोर्डही थोडा उशीर लावतो. पण आम्ही एकाच माणसाच्या दोन कंडिशनमधला फरक बघतोय आणि तो उशीर दोन्हीकडे सारखाच लागतो, त्यामुळे महागडा रिस्पॉन्स बॉक्स नसला तरी अडत नाही. फक्त सगळे प्रयोज्य एकाच मशीनवर घ्या.

३० ऑगस्ट

संध्याकाळचे स्लॉट बंद केले. साडेपाच वाजले की शेजारच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू होतो आणि लॅबच्या खिडकीच्या काचा थरथरतात. मी स्वतः पथकात वाजवलंय, त्यामुळे त्या आवाजावर माझा काही राग नाही, पण ठेका चालू असताना बोटं ठेक्यात पडतात हे समोर दिसतं. एका मुलाचं बटण अक्षरशः टिपऱ्याच्या तालावर पडत होतं. आता सकाळी आठ ते अकरा. काका किल्ली घेऊन लवकर येतात, त्यांचे उपकार आहेत. ७ सप्टेंबरला गणपती बसताहेत, विसर्जनापर्यंत कुणी येणार नाही हे धरूनच वेळापत्रक करा.

२३ सप्टेंबर

पुन्हा सुरू. आमच्याकडे प्रयोगानंतर इंट्रोस्पेक्टिव्ह रिपोर्ट घ्यायची जुनी पद्धत आहे, म्हणजे प्रयोज्याला विचारायचं की तुला करताना काय वाटलं, आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. बरेच जण ते दोन ओळींत उरकतात. उरकू नका. आज एकाने सहज सांगितलं, "मी डोळे बारीक केले होते, म्हणजे अक्षरं पुसट होतात आणि नुसता रंग दिसतो." त्याचा इफेक्ट जवळपास शून्य होता आणि फाइल बघून त्याचं कारण कधीच सापडलं नसतं. आकडे स्वच्छ, चुका नाहीत, सगळं छान. आता सूचनेत एक ओळ वाढवलीये, 'डोळे नेहमीसारखे उघडे ठेवा, शब्द स्पष्ट दिसू द्या.' त्याचा डेटा ठेवायचा का काढायचा यावर वाद झाला. डेटा काढून टाकायचे जे नियम आम्ही आधीच लिहून ठेवले होते त्यात तो बसत नव्हता, म्हणून ठेवला आणि जर्नलमध्ये त्याच्याबद्दल स्वतंत्र लिहिलं.

प्रत्येकाच्या शाळेचं माध्यमही लिहून घेतोय. इंग्रजी मीडियमची काही मुलं म्हणाली की मराठी वाचता येतं पण रोज वाचत नाही. त्यांच्यात अडथळा कमी दिसेल का, हा मला या प्रयोगातला सगळ्यात आवडलेला प्रश्न आहे.

४ ऑक्टोबर

डेटा पूर्ण. एक फाइल मात्र वाचवावी लागली. सायकोपायची सीएसव्ही (डेटाची साधी टेक्स्ट फाइल) एक्सेलमध्ये उघडून, एक कॉलम रुंद करून, साध्या सीएसव्हीत सेव्ह झाली आणि देवनागरी सगळी प्रश्नचिन्हं होऊन बसली. इमेजची नावं रोमनमध्ये होती म्हणून कुठली ट्रायल कुठली ते परत लावता आलं. मूळ फाइलींचा फोल्डर रीड-ओन्ली करा, काम कॉपीवर करा, आणि फाइलींची, कॉलमची नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवा.

१४ ऑक्टोबर

ॲनालिसिस. नियम डेटा बघायच्या आधी लिहून मॅडमची सही घेतली होती: २०० मिलीसेकंदांच्या आतलं उत्तर काढायचं कारण एवढ्यात रंग बघून बटण दाबणं होत नाही, दोन सेकंदांत उत्तर नाही तर ट्रायल संपते, चुकलेल्या ट्रायल रिॲक्शन टाइममध्ये धरायच्या नाहीत पण चुकांचं प्रमाण वेगळं दाखवायचं, आणि अचूकता ८० टक्क्यांच्या खाली असेल तर तो प्रयोज्य बदलायचा.

पार्टनरला सरासरीऐवजी मीडियन (आकडे क्रमाने लावले की मधला येतो तो) घ्यायचं होतं. रिॲक्शन टाइम उजवीकडे लांबलेले असतात म्हणून मीडियन बरं वाटतं, पण कंडिशनमध्ये ट्रायल कमी-जास्त असतील (आमच्या २४ आणि ७२) तर मीडियनमुळे कमी ट्रायलवाली बाजू उगाच सावकाश दिसते, जेफ मिलर यांनी १९८८ मध्ये यावर इशारा दिलाय. म्हणून छाटणी करून सरासरी.

स्टॅटिस्टिक्ससाठी जास्प हे सॉफ्टवेअर वापरलं, तेही फुकट. पेअर्ड टी-टेस्टच्या (त्याच माणसांच्या दोन कंडिशनमधला फरक तपासायची पद्धत) आधी प्रत्येक प्रयोज्याची एक रेघ असा ग्राफ काढला, डावीकडे न्यूट्रल, उजवीकडे न जुळणारे. बहुतेक सगळ्या रेघा वर चढतात, दोन-तीन आडव्या. फरक ठळक आहे, आणि चुकाही न जुळणाऱ्यातच जास्त, म्हणजे वेगासाठी अचूकता सोडली असं म्हणायला जागा नाही. माध्यमाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, इंग्रजी मीडियमची मुलं मोजकीच आली, तेवढ्यावर काही म्हणणं बरोबर नाही.

१९ नोव्हेंबर

व्हायवा झाली. एक्सटर्नल सरांनी जर्नल चाळलं आणि थेट विचारलं, "न जुळणाऱ्यात वेळ जास्त लागला तो शब्द वाचला गेल्यामुळे, की बटण निवडताना गोंधळ झाल्यामुळे?" आमच्या डिझाइनमध्ये हे दोन वेगळे काढता येत नाहीत आणि मी तसंच सांगितलं. त्यावर ते म्हणाले की दोन रंगांना एकच बटण द्या. म्हणजे लाल आणि हिरवा एका बटणावर असतील, तर हिरव्या शाईतल्या 'लाल'मध्ये शब्द न जुळणारा पण बटण तेच, मग उरलेला फरक बटणाचा नाही. हे मी पुढच्या सेमला करून बघणार आहे, इमेज त्याच चालतील, फक्त एक्सेलमधला बरोबर उत्तराचा कॉलम बदलायचा.

फोल्डर लॅबच्या मशीनवर ठेवलाय: २८ इमेज, सरावाचे चौकोन, चार एक्सेल फाइल, सूचनेचा कागद, संमतीपत्र. न्यूट्रलमधली किटली बऱ्याच जणांना क्षणभर ओळखीची वाटली नाही असं रिपोर्टमध्ये आलंय, तिच्या जागी दुसरा शब्द घ्या, फक्त तो ला, नि, हि, पि यातल्या कशानेही सुरू होणार नाही एवढं बघा.